नाताळ संपला, आता पॉइन्सेटियाचं काय करायचं?

कुंडीतली_माती

डिसेंबरात जिकडेतिकडे लालभडक पॉइन्सेटिया दिसतात. जानेवारी सरता सरता त्यांच्या काड्या होतात आणि पुढे कुंडीसकट कचऱ्यात जातात. हे झाड हंगामापुरतंच असतं असा बऱ्याच जणांचा समज आहे. प्रत्यक्षात ते बारमाही झुडूप आहे, म्हणून हा धागा.

प्रश्न तीन:
१. घरात आणल्यावर लाली जास्तीत जास्त दिवस टिकावी म्हणून नेमकं काय करायचं?
२. लाल पानं गळाल्यावर झाड ठेवावं की नाही? पुढच्या नाताळाला ते घरच्या घरी परत लाल करता येतं का?
३. "विषारी आहे, मुलांपासून लांब ठेवा" यात तथ्य किती?

माझं मत असं की झाड ठेवावंच. कोणाला पटत नसेल तर जरूर भांडा, पण कारणासकट.

एक_ओळ

टाका आणि नवं आणा. धागा संपला.

खुरपंवाला

एकओळ, तुमचा प्रतिसाद तुमच्या नावाला जागला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर झाड विकत घेतानाच सुरू होतं. लाल पानांकडे नंतर बघा, आधी त्यांच्या मधोमध असलेले पिवळट-हिरवे मणी बघा. खरी फुलं ती. मणी घट्ट मिटलेले, हिरवट असतील तर झाड ताजं. उघडून पिवळा पराग सांडलेला असेल किंवा मणी गळून नुसती देठं उरली असतील तर झाडाचा हंगाम सरत आलाय, कितीही लाड केले तरी लाल पानं लवकर गळणार. दुसरी खूण म्हणजे खालची हिरवी पानं. ती मातीपर्यंत भरगच्च हवीत. बुडाशी उघडे दांडे दिसले तर मुळांना त्रास झालाय किंवा झाडं एकमेकांना चिकटून अंधारात उभी होती.

उंच नळीसारख्या कागदात गुंडाळलेलं झाड मिळालं तर घरी पोचल्या पोचल्या कागद सोडा, आणि वर ओढून काढू नका, खालपर्यंत उभा फाडा. कागदात देठं वर दाबलेली राहतात. त्या ताणामुळे झाडातच इथिलीन वायू तयार होतो आणि देठं खाली वळून पानं मरगळल्यासारखी लोंबतात. दिवसभरापेक्षा जास्त वेळ गुंडाळलेलं राहिलं की हे हमखास होतं. लोक याला पाण्याची कमतरता समजतात, वरून पाणी ओततात, आणि मग खरा घोटाळा सुरू होतो.

हरितद्रव्य

खुरपंवाला यांना दुजोरा. जरा शास्त्र जोडतो.

लाल दिसतात ती फुलांची पाकळी नव्हे, फुलाभोवतीची पानं. वनस्पतिशास्त्रात त्यांना छद म्हणतात. बोगनवेलीतही हाच प्रकार. झाड एरंडाच्या कुळातलं, युफोर्बिया पुल्चेरिमा. पुल्चेरिमा म्हणजे अतिसुंदर. मूळचं मेक्सिको आणि ग्वाटेमालाचं. तिथे रानात ते तीन-चार मीटर उंच, बऱ्यापैकी ओबडधोबड झुडूप असतं. कुंडीतला गुटगुटीत गोल आकार नंतरचा, त्यात माणसाचा आणि एका जंतूचा वाटा आहे. त्यावर नंतर लिहितो.

कुंडीतली_माती

जंतूचं काय ते लिहाच, अर्धवट सोडू नका.

दरम्यान एक रुग्ण तपासा: कुंडी चकचकीत कागदात. लाल पानं ठीक. खालची हिरवी पानं पिवळी पडून रोज दोन-तीन गळतात. माती काळी, ओली. तरीही दुपारी झाड मान टाकतं. पाणी वाढवायचं का?

खुरपंवाला

अजिबात नाही! माती ओली असताना झाड मान टाकतंय म्हणजे मुळं कुजतायत. त्यांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड ओल्यातही तहानलेलं.

आधी तो चकचकीत कागद सोलून काढा. तळाशी बोटभर पाणी साचलेलं सापडेल अशी माझी पैज. कुंडी काढून नीट निथळू द्या. मग मातीचा गोळा कुंडीतून अलगद उपसून मुळं बघा. पांढरी, करकरीत असतील तर झाड वाचलं. तपकिरी, पिचपिचीत असतील, चिमटीत धरून ओढल्यावर साल निसटून आत दोऱ्यासारखी तार उरत असेल, तर पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जीवाची लागण झाली आहे. निम्म्याहून जास्त मुळं तशी असतील तर झाडाचा नाद सोडा. कमी असतील तर कुजलेली कापा, ताज्या कोरड्या मिश्रणात लावा आणि माती वरून सुकेपर्यंत पाण्याला हात लावू नका. खत तर मुळीच नाही.

पाणी किती, याचं मोजमाप वजनावर. भरपूर पाणी देऊन निथळल्यावर कुंडी एकदा उचलून बघा, वजन हाताला लक्षात ठेवा. वरची दोनेक सेंटिमीटर माती कोरडी आणि कुंडी हलकी लागली की पाणी द्यायचं, तळाच्या भोकातून वाहेपर्यंत. पंधरा-वीस मिनिटांनी ताटलीतलं पाणी ओतून टाकायचं. "दर दोन दिवसांनी एक पेला" असल्या वेळापत्रकानं ही झाडं मरतात. खोली गरम असेल तर लवकर सुकतं, थंड असेल तर आठवडाही जातो.

सावलीतली_सुमी

आणि उलट टोकही नको. एकदा माती खडखडीत सुकून झाड पूर्ण लोळलं की पाणी दिल्यावर ते उभं राहतं, पण आठवड्याभरात खालची पानं पिवळी पडून गळतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीटचं मिश्रण फार सुकलं की पाणी शोषतच नाही, कडेनं सरळ खाली वाहून जातं. अशा वेळी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची, वर बुडबुडे येणं थांबलं की काढून निथळायची.

जागा: खिडकीपाशी, भरपूर उजेड, कडक दुपारचं ऊन नको. दिवसा १८ ते २१ अंश सेल्सिअस उत्तम, रात्री १५-१६ पर्यंत चालतं. १० अंशांच्या खाली गेलं की पानं काळपट पडून गळतात. थंड प्रदेशात दुकानातून गाडीपर्यंत नेतानासुद्धा हे होऊ शकतं, म्हणून तेवढ्यापुरती गुंडाळी हवी. वातानुकूलकाचा किंवा हीटरचा झोत अंगावर नको, थंडगार काचेला पान टेकायला नको. पिकलेली केळी-सफरचंदं शेजारी ठेवू नका, त्यांतूनही इथिलीन येतं.

बोकोबा

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघेल का? आमच्या जमातीत चिंतेचं वातावरण आहे.

हरितद्रव्य

बोकोबा, मिशा सावरून ऐका.

पॉइन्सेटियाच्या विषारीपणाची कथा १९१९ सालची. हवाई बेटांवर एक लहान मूल दगावलं आणि त्यानं हे पान खाल्लं होतं अशी वदंता पसरली. ती कधी सिद्ध झाली नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे नोंदवलेल्या पॉइन्सेटियाच्या २२,७९३ घटनांचा आढावा प्रसिद्ध झाला. मृत्यू एकही नाही, आणि ९२ टक्क्यांहून अधिक जणांना काहीही लक्षण दिसलं नाही.

याचा अर्थ कोशिंबीर करून खा असा नव्हे. पान किंवा दांडा तुटला की पांढरा चीक येतो. तो त्वचेला खाजवतो, डोळ्यात गेला तर झोंबतो, पोटात गेला तर मळमळ-उलटी होऊ शकते. रबराच्या चिकाची ॲलर्जी असलेल्यांनी हातमोजे घालावेत. मांजरानं पान चावलं तर लाळ गळते, क्वचित ओकारी होते, बहुधा तेवढंच. मांजराला खरा धोका लिलीचा. तिच्या परागानंसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. सणाच्या पुष्पगुच्छात लिली असते, तिच्यावर लक्ष ठेवा आणि या बिचाऱ्याला सोडा.

बोकोबा

धन्यवाद. चावण्याचा बेत रद्द, कुंडीतल्या मातीचा वेगळा उपयोग विचाराधीन.

पांढरीमाशी_मुर्दाबाद

बोकोबा, मातीत काय करायचं ते करा, पण पानांच्या खाली बघून या. या झाडाबरोबर घरात फुकट येणारी पाहुणी म्हणजे पांढरी माशी. फांदी हलवली की पिठाचे कण उडावेत तसं उडतं ते. पण उडणारी माशी हा शेवटचा टप्पा. खरा रस शोषतात तिची पिल्लं, पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली, फिकट पिवळी, चपटी, खवल्यासारखी. भिंगातून बघितल्याशिवाय कळत नाहीत. चिकट गोड द्रव खालच्या पानांवर सांडतो, त्यावर काळी बुरशी चढते.

उपाय: नवं झाड दोन आठवडे इतर झाडांपासून वेगळं ठेवा. पिवळा चिकट सापळा शेंड्याच्या किंचित वर टांगा. तो माश्या मोजायला आहे, संपवायला नाही, हे लक्षात ठेवा. फवारणीला १ लिटर पाण्यात ५ मिलि कीटकनाशक साबण, किंवा ३ ते ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरते साबणाचे थेंब. भांडी घासायचा साबण नको, त्यानं पानं करपतात. फवारा पानांच्या खालून, संध्याकाळी, दर पाच-सहा दिवसांनी असं चार वेळा. एकदाच मारून थांबलात तर अंडी वाचतात आणि तीन आठवड्यांत नवी फौज हजर. लाल पानांवर काहीही फवारू नका, डाग पडतात आणि जात नाहीत. लाली असताना ओल्या बोळ्यानं पानांची खालची बाजू पुसणं हाच मार्ग. बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, त्याला ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस टेकवायचा.

तिरकस_तात्या

माझा प्रश्न सौंदर्याचा. निळे आणि चमकी लावलेले पॉइन्सेटिया मिळतात, ती कोणती जात?

खुरपंवाला

तात्या, ती रंगाऱ्याची जात. पांढऱ्या जातीवर रंग फवारतात, वर चमकी चिकटवतात. नवी पानं येतील ती हिरवीच. खरे रंग लाल, गुलाबी, पांढरट-पिवळट, पीच, ठिपक्यांचे, गुलाबी मध्याला पांढरी कड असलेले. पानं आत वळलेली, गुलाबासारखी दिसणारी विंटर रोज म्हणून एक जात आहे, ती इतरांपेक्षा जास्त दिवस टिकते. तजेलदार गुलाबी, बारीक पानांची प्रिन्सेटिया ही संकरित आहे, युफोर्बिया कॉर्नास्ट्रा या भावंडाशी केलेली.

हरितद्रव्य

जंतूचं राहिलं होतं.

रानटी पॉइन्सेटिया फार फांद्या फोडत नाही, सरळ उंच वाढतो. कुंडीतला मात्र शेंडा खुडला की भराभर फांद्या फोडतो. त्यामागे फायटोप्लाझ्मा आहे, पेशीभित्तिका नसलेला, झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहणारा अतिसूक्ष्म जिवाणू. इतर पिकांत असले जीव रोग करतात, इथे तोच रोग बाजाराला वरदान ठरला. हे १९९७ साली सिद्ध झालं. उष्णतेनं तो जंतू काढून टाकला तर झाड पुन्हा काठीसारखं वाढतं. कॅलिफोर्नियातल्या एके (Ecke) नावाच्या घराण्यानं कलम बांधून हा गुण नव्या जातींत उतरवायची युक्ती कितीतरी वर्षं गुपित ठेवली होती. त्यांचा बाजारावरचा पगडा त्या जोरावर होता.

म्हणून बियांपासून वाढवलेलं रोप नर्सरीतल्यासारखं गुबगुबीत होत नाही. छाट कलमातून मात्र हा गुण जसाच्या तसा उतरतो.

अवांतर_आजोबा

अवांतर: नावामागे जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट, मेक्सिकोतले पहिले अमेरिकी राजदूत. १८२०च्या दशकात त्यांनी ही झाडं साउथ कॅरोलायनात आपल्या घरी धाडली. १२ डिसेंबर १८५१ रोजी ते वारले, म्हणून अमेरिकेत १२ डिसेंबर हा पॉइन्सेटिया दिवस. मेक्सिकोत मात्र हे नाव कोणाला फारसं रुचत नाही. तिथे ते नोचेबुएना, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं फूल. त्याहून जुनं नाव नाहुआत्ल भाषेतलं, क्वेत्लाशोचित्ल. आस्तेक लोक लाल पानांचा रंगासाठी आणि चिकाचा तापावर औषध म्हणून उपयोग करत.

एक_ओळ

क्वेत्लाशोचित्ल म्हणता म्हणता पानं गळली.

हिशेबनीस

आता दुसऱ्या प्रश्नावर या. "परत लाल करायचं तर रोज चौदा तास अंधार" असं सगळीकडे वाचायला मिळतं. अडीच महिने रोज संध्याकाळी झाकायचं, रोज सकाळी उघडायचं. सत्तर दिवस धरले तर एकशे चाळीस वेळा उठबस. एवढ्यासाठी कोणी घर सोडून कुठे जायचंच नाही का? मी एकओळच्या बाजूनं.

अंधारकोठडी

हिशेबनीस, आकडा बरोबर, पण रीत चुकलीत. थोडं सविस्तर लिहितो, कारण या एका बाबतीत अर्धवट माहितीनं सगळ्यात जास्त झाडं हिरवीच राहतात.

हे झाड रात्रीची लांबी मोजतं. अखंड अंधार साधारण बारा तासांच्या आसपास गेला की शेंड्याला फुलाकडे वळायचा इशारा मिळतो, आणि फूल येऊ लागलं की भोवतीची पानं लाल होतात. दिवसरात्रीच्या लांबीचा झाडांवर होणारा हा परिणाम गार्नर आणि ॲलार्ड यांनी १९२० साली मांडला, तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून. हे मोजमाप फायटोक्रोम हे रंगद्रव्य करतं आणि ते लाल उजेडाला फार हळवं आहे. मधेच पाच मिनिटं दिवा लागला तर झाडाच्या हिशेबी एक लांब रात्र नसून दोन छोट्या रात्री झाल्या. व्यावसायिक शेतकरी हेच उलटं वापरतात: झाड लवकर लाल होऊ नये म्हणून रात्री दहा ते दोन या वेळात शंभरेक लक्सचे (लक्स हे उजेडाचं माप) मंद दिवे लावतात. थंडी, खत, पाणी तोडणं यांपैकी कशानंही लाली येत नाही.

कृती, उत्तर गोलार्धासाठी:

सप्टेंबरच्या २० ते २५ तारखेपासून संध्याकाळी ५ ते सकाळी ८ झाकायचं. पंधरा तास होतात, तासाभराची चूक पोटात जाते. नऊ तास उघडं, आणि त्या नऊ तासांत भरपूर उजेड, निदान चार-पाच तास सौम्य ऊन. लोक अंधार पाळतात आणि दिवसाही झाड कोपऱ्यात ठेवतात, मग लाली फिकी येते. आठ ते दहा आठवड्यांत रंग भरतो. लाल पानं नीट पसरली आणि मधले मणी दिसू लागले की झाकणं थांबवा, आता उजेडानं काही बिघडत नाही.

झाकायला खोका घ्या, पण तो नीट तपासा. अंधाऱ्या खोलीत खोक्याच्या आत पेटलेला टॉर्च ठेवा आणि बाहेरून बघा. कड्यांमधून, टाक्यांच्या भोकांतून उजेडाच्या रेघा दिसतील. तिथे काळी चिकटपट्टी. पातळ कापड चालत नाही, काळी प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही कारण आत घाम धरतो आणि पानांवर करडी बुरशी येते.

हिशेबनीस

आणि एखादा दिवस चुकला तर?

अंधारकोठडी

एखाद्या रात्रीनं मरत नाही, तितका रंग लांबतो. सुरुवातीच्या तीन आठवड्यांत मात्र चुका टाळा, त्या काळात शेंड्याचा निर्णय व्हायचा असतो. दर शनिवारी विसरलात तर लाल-हिरवी चट्टेरी पानं मिळतील.

आणि एक चूक बोलायची राहिली: उष्णता. रात्रीचं तापमान २३-२४ अंशांच्या वर राहिलं तर अंधार पूर्ण देऊनही फूल लांबतं. खोका उन्हात तापलेल्या भिंतीशी किंवा बंद माळ्यावर ठेवलात तर हेच होतं. रात्री १६ ते २० अंश असेल अशी जागा बघा.

सावलीतली_सुमी

उठबस वाचवायची तर झाड हलवूच नका. रिकामं कपाट किंवा न वापरातली कोठी घ्या, आत कुंडीच्या वर तीस सेंटिमीटरवर पांढऱ्या उजेडाची, झाडांसाठीची एलईडी पट्टी लावा आणि तिला टायमर: सकाळी ८ ला सुरू, संध्याकाळी ५ ला बंद. दार कायम बंद, फक्त पाणी द्यायला दिवसा उघडायचं. हिशेबनीसांच्या एकशे चाळीस फेऱ्या शून्यावर आल्या. दाराच्या फटीला पट्टी लावायला विसरू नका, आणि टायमरचा स्वतःचा लाल सूचक दिवा कपाटाबाहेर राहील असं बघा. फायटोक्रोमला नेमका तोच रंग आवडतो!

हिशेबनीस

टायमरचा दिवा. हे सुचलं नसतं. बाजू अर्धी बदलली.

खुरपंवाला

पण अंधारापर्यंत पोचायच्या आधी झाडाला आकार हवा. काड्या झालेलं झाड नुसतं कोंडलं तर टोकाला दोन लाल पानं आणि खाली बांबू.

मार्च-एप्रिलमध्ये, लाली उतरली की, प्रत्येक फांदी मातीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर छाटा, प्रत्येकीवर तीन-चार डोळे राहिले पाहिजेत. चीक वाहील, ओला कागद टेकवला की थांबतो. पानं उरली नाहीत म्हणून घाबरू नका, आणि पानं नाहीत म्हणजे पाणीही कमी. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. मग आधीच्यापेक्षा दोन ते चार सेंटिमीटर रुंद कुंडी, त्याहून मोठी नको, जास्तीची माती ओली राहून मुळं कुजवते. मिश्रण: दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट (पाणी निथळू देणारे हलके पांढरे खडे), एक भाग चाळलेलं कुजलेलं खत. सामू (pH) ६च्या आसपास.

नव्या फुटीला पाच-सहा पानं आली की शेंडा खुडा, खाली चार पानं ठेवून. ठेवलेल्या प्रत्येक पानाच्या बगलेतून एक फांदी येते, तेव्हा चार पानं म्हणजे चार फांद्या, हा हिशेब. उन्हाळाभर असं दोन-तीनदा. शेवटचं खुडणं ऑगस्टच्या अखेरीपर्यंत. त्यानंतर खुडलंत तर लाल व्हायचे शेंडेच कचऱ्यात गेले समजा.

खत वाढीच्या काळातच: २०-२०-२० (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं) विद्राव्य, १ लिटर पाण्यात १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. मधल्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या तर बहुधा मॉलिब्डेनमची उणीव. हे झाड त्या बाबतीत हट्टी आहे, आणि माती आम्ल झाली की उणीव वाढते. सूक्ष्म अन्नद्रव्यं असलेलं खत घ्या. रंग पुरता भरला की खत बंद.

कुंडीतली_माती

खुडलेले शेंडे लावता येतात का?

खुरपंवाला

येतात. आठ-दहा सेंटिमीटरचा कोवळा शेंडा, खालची पानं काढून, वर दोन-तीन ठेवून. कापलेलं टोक पाण्यात बुडवून चीक धुवा, नाहीतर तो सुकून टोक बंद होतं. मूळ फुटायची पावडर लावून ओलसर पर्लाइट-कोकोपीटमध्ये खोचा, वरून पारदर्शक झाकण, सावलीतला उजेड, २१ ते २४ अंश. तीन-चार आठवड्यांत मुळं. जुलैअखेरपर्यंत लावलेली कलमं त्याच हिवाळ्यात छोटी पण छान रंगतात. एवढं बघा की काही जातींवर पेटंट असतं, ती विकण्यासाठी वाढवायला परवानगी लागते.

दक्षिणगोलार्धी

तुम्ही सगळे सप्टेंबर-डिसेंबर म्हणताय. विषुववृत्ताच्या खाली डिसेंबर म्हणजे वर्षातल्या सगळ्यात छोट्या रात्री. इथे जमिनीतलं झाड आपोआप जून-जुलैत लाल होतं. नाताळाला लाल हवं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वाढत्या दिवसांत आणि चढत्या उकाड्यात कोंडायला लागतं, म्हणजे वर सांगितलेली उष्णतेची चूक पदरात बांधूनच सुरुवात. खोका अंधार पडल्यावर उघडायचा, रात्रभर हवा खेळू द्यायची, आणि उजाडायच्या आत पुन्हा झाकायचा. आपोआप लाल होणाऱ्या झाडासाठी छाटणीचे सगळे महिने सहानं पुढे ढकलून घ्या.

तिरकस_तात्या

थोडक्यात, जगाच्या खालच्या अंगाला नाताळाला हिरवंच झाड शोभतं.

अंधारकोठडी

जमिनीत लावलेल्या झाडाचा विषय निघालाच आहे तर: जिथे कडाका पडत नाही तिथे कुंपणालगतचा पॉइन्सेटिया स्वतःच रंगतो, खोका नको, काही नको. मात्र रस्त्यावरचा दिवा जवळ असेल तर एक मजा दिसते. दिव्याकडची बाजू हिरवीगार, पलीकडची लाल, मधे पानांची सावली पडते तिथे अर्धंमुर्धं. ज्या कोणाला चौदा तासांच्या अंधाराची खात्री पटत नाही त्यानं असं एक झाड शोधून त्याच्याभोवती फेरी मारावी.

हरितद्रव्य

यातच हिशेबनीसांच्या उरलेल्या अर्ध्या शंकेचं उत्तर आहे. नेमकं २५ डिसेंबरलाच लाल हवं, या हट्टापायी सगळा खटाटोप. तो सोडला तर फार सोपं आहे. जिथे संध्याकाळनंतर दिवा लागत नाही आणि खिडकीतून रस्त्याचा उजेड येत नाही अशा खोलीत झाड ठेवून द्या. सप्टेंबरअखेरपासून रात्र स्वतःच पुरेशी लांब होत जाते. बाहेरच्या उजेडानुसार ते डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी यांदरम्यान कधीतरी लाल होतं आणि वसंतापर्यंत तसंच राहतं.

हिशेबनीस

म्हणजे ज्या खोलीत कोणी जात नाही तिथे लाल झालेलं झाड, आणि दिवा लावून बघायची सोय नाही.

हरितद्रव्य

दिवसा बघा की हो.

कुंडीतली_माती

रुग्णाचा अहवाल: कागदाखाली बोटभर नाही, दोन बोटं पाणी निघालं. मुळांचा साधारण तिसरा हिस्सा तपकिरी, तो कापला. बाकी पांढरी. आता लाल पानं असतानाच कुंडी बदलायला लागली, छाटणी आत्ताच करू की मार्चपर्यंत थांबू?

खुरपंवाला

पैज मी जिंकलो. छाटणी थांबवा. अपुऱ्या मुळांवर नवी फूट आली तर ती पोसणार कोण? फक्त पिवळी पडलेली पानं आणि परागाचे मणी खुडून टाका, त्या मण्यांची साल खाली पडून पानांवर करडी बुरशी धरते. मार्चमध्ये कुंडी उपसून मुळं पुन्हा बघा. मातीच्या गोळ्याच्या कडेनं पांढरी टोकं दिसली तर कात्री काढा.

एक_ओळ

बरं, खोका केवढा घ्यायचा?

अंधारकोठडी

झाडापेक्षा सर्व बाजूंनी दहा सेंटिमीटर मोठा. पानं भिंतीला घासली की तिथे काळे डाग पडतात.